वेचणीच्या सकाळसाठी स्वेटर: विणकामाचा नमुना स्वतः कसा रचायचा

विणकामाच्या पुस्तकांतले बहुतेक नमुने थंड मुलुखातले असतात. जाड लोकर, गळ्यापर्यंत बंद, पूर्ण बाह्या. आपल्या विदर्भात असा स्वेटर पहाटे हवासा वाटतो आणि दहा वाजता अंगावर नकोसा होतो. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, म्हणजे थंडी इथं खोटी नाही. पण एरवी डिसेंबरातही दुपारी ऊन चांगलं चटकतं. सकाळी अंगात हवा आणि दुपारी चटकन काढता यावा, असा कपडा आपल्याला लागतो. तो कुणी नमुन्यात लिहून ठेवलेला नाही, म्हणून आपणच रचायचा.

हा लेख त्यासाठी आहे. तुम्हाला सुलट-उलट टाका येतो, टाके घालता आणि बंद करता येतात, एखादा मफलर किंवा कानटोपी विणून झाली आहे, एवढं मी धरून चालते. नमुना रचायला याहून वेगळी कला लागत नाही. टेप, चौकटीची वही आणि सातवीपर्यंतचं गणित पुरतं.

एकच कपडा धरून शेवटपर्यंत जाऊ: कापूस वेचायला जाणाऱ्या बाईसाठी बिनबाह्यांचा, पुढून बटणांचा स्वेटर.

आधी माणूस, मग वीण

सुया हातात घ्यायच्या आधी हा कपडा कोण घालणार आणि घालून काय करणार, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हे पान भरलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

वेचणीचं बघा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या ओळीतून चालताना फुटलेल्या बोंडांची वाळलेली टोकं कपड्याला लागतात. पुस्तकात सुंदर दिसणारी जाळीची वीण इथं पहिल्याच दिवशी अडकून उसवेल. शेजारच्या काकूंना मी जाळीचा तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे तं बोंडाले अटकते बाई.” बस्स, जाळी बाद. वीण साधी आणि घट्ट हवी.

कमरेला कापसाची झोळी बांधलेली असते, म्हणून स्वेटर कमरेच्या वरच संपला पाहिजे, नाहीतर खालचा काठ झोळीखाली गोळा होतो. हात सारखे पुढं-मागं जातात, म्हणून मुंढा, म्हणजे हात बाहेर काढायची जागा, मोकळी. बायका बहुधा साडीवर पुरुषी शर्ट चढवून वेचतात, म्हणून माप शर्टावरून घ्यायचं. कापसाचे तंतू गडद रंगावर लगेच दिसतात, म्हणून अंग फिकट आणि काठ गडद. आणि बटणं मोठी, कारण गार बोटांनी लहान बटण निघत नाही.

तुम्ही शाळकरी पोरासाठी किंवा रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसासाठी विणत असाल तर तुमचं पान वेगळं असेल. ओलितासाठी पूर्ण बाह्या आणि उंच गळा लागेल. पण पान भरल्याशिवाय पुढं जाऊ नका.

लोकर

बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. धुवायला सोपं, स्वस्त, रंग भरपूर. रोजच्या कामाला ते चालतं. मात्र एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: ॲक्रिलिक विस्तवाजवळ वितळतं आणि पेटलं तर कातडीला चिकटतं. शेकोटीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी किंवा चुलीपाशी वावरणाऱ्या बाईसाठी खरी मेंढीची लोकर घ्या. ती सहजासहजी पेट घेत नाही. थोडी महाग पडली तरी इथं कंजुषी करू नये.

सुती धागा आपल्या कापसाच्या मुलुखात मनाला जवळचा वाटतो, पण तो जड असतो, ताणून परत येत नाही आणि स्वेटर खाली लोंबतो. लहान बाळाच्या टोपड्याला तो उत्तम. मोठ्या माणसाच्या स्वेटरला नाही.

सगळे गोळे एकदम घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवा. वेगळ्या लॉटचा तोच रंग दुकानात सारखा दिसतो, पण उन्हात पाठीवर पट्टा उमटतो.

तुकडा: सगळा नमुना यातून निघतो

बहुतेक जणी ही पायरी वगळतात. माझ्या मते नमुना रचण्याचं सगळं मर्म इथंच आहे. सुई आणि लोकर दोघींची सारखी असली तरी एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. पुस्तकातला आकडा पुस्तक लिहिणारीच्या हाताचा असतो. तुम्हाला तुमचा लागतो.

मध्यम जाडीची लोकर आणि 8 नंबरची सुई घ्या. आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. 30 टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण साधारण 15 सेंटिमीटर उंचीपर्यंत विणा. टाके बंद करा. मग कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. न धुतलेला तुकडा मोजण्यात अर्थ नाही, कारण स्वेटर पहिल्या धुण्यात जो आकार घेतो तोच खरा.

वाळल्यावर कडा सोडून मधोमध टेप ठेवा. ताणू नका. 10 सेंटिमीटरमध्ये आडवे किती टाके आणि उभ्या किती ओळी बसतात ते मोजा. अर्धा टाका आला तर तोही लिहा. तीन वेगळ्या जागी मोजून सरासरी घ्या. आपण धरू की 20 टाके आणि 28 ओळी आल्या. म्हणजे एका सेंटिमीटरला 2 टाके आणि 2.8 ओळी.

दोन टाक्यांच्या फरकाने काय होतं ते बघा. 94 सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला 188 टाके लागतात. तुमचा हात घट्ट असेल आणि 10 सेंटिमीटरला 22 टाके बसत असतील, तर तेच 188 टाके साडेपंच्याऐंशी सेंटिमीटर भरतील. छाती 86 ची असेल तर बटणं लावल्यावर स्वेटर अंगाला आवळेल. महिनाभराचं काम उसवायचं की एक संध्याकाळ तुकड्याला द्यायची, हे तुम्हीच ठरवा.

तोच तुकडा किती लोकर लागेल तेही सांगतो. तो किराणा दुकानाच्या किंवा सोनाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. समजा 15 बाय 15 चा, म्हणजे 225 चौरस सेंटिमीटरचा तुकडा 8 ग्रॅम भरला. पाठ 47 बाय 48 आणि पुढचा भाग तेवढाच धरला तर एकूण साधारण 4500 चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे असे 20 तुकडे, 160 ग्रॅम. काठ, पट्ट्या आणि तुटफूट धरून 200. पन्नासचे तीन गोळे फिकट आणि दोन गडद घेतले की चिंता नाही.

माप आणि टाके

टेपची एकच बाजू वापरा. इंच आणि सेंटिमीटर मिसळले की हिशेब बिघडतो.

शर्ट घालून छाती मोजा. आपल्या उदाहरणात 86. त्यात 8 सेंटिमीटर ढिलाई मिळवा, म्हणजे 94. ढिलाई हा नमुना रचणारीचा हक्काचा निर्णय आहे. शाळेच्या स्वेटरला 5 पुरेल, पण वाकून काम करणाऱ्या अंगाला 8 तरी हवेत.

पाठ अर्धी, 47 सेंटिमीटर: 94 टाके. दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक टाका जातो म्हणून 96. पुढच्या दोन भागांत मिळून 47 पैकी 3 सेंटिमीटर बटणपट्टी. उरले 44, म्हणजे एकेक भाग 22 सेंटिमीटर: 44 टाके. एक शिवणीचा आणि एक पट्टी विणायला कडेचे टाके उचलण्याचा मिळवून 46.

लांबी खांद्यापासून 48 घेऊ. मुंढा 20 सेंटिमीटर खोल, म्हणजे 56 ओळी. मुंढ्याखाली 28, त्यातला खालचा 5 सेंटिमीटर काठ. काठ 10 नंबरच्या सुईवर एक सुलट एक उलट असा गडद रंगात विणायचा. त्याच्या ओळी मोजत बसू नका, टेप लावा. काठाच्या वर 23 सेंटिमीटर उरतात: 64 ओळी.

हे सगळं वहीत एका साध्या आकृतीवर लिहा. शिंपी कापडावर खडूने काढतो तसा पाठीचा आणि पुढच्या भागाचा आकार काढा, आणि प्रत्येक कडेवर सेंटिमीटर, टाके, ओळी तिन्ही आकडे टाका. पुढं चुकलं तर शोधायला ही आकृती लागते.

नक्षी कुठून आणायची

बर्फाचे कण आणि हरणं विणायला हरकत नाही, पण आपल्या डोळ्यांपुढं एवढं काही असताना ती कशाला? पळसाची तीन पानं, ठिपक्यांची रांगोळी, संत्र्याची फोड, आणि आपल्या करवतकाठी साडीचा काठ. टसरवर विणली जाणारी ही विदर्भाची साडी, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तिच्या काठावर करवतीच्या दातांची रांग असते. सरळ रेषांचे त्रिकोण विणकामात हुबेहूब उतरतात, गोलाई उतरत नाही. म्हणून सुरुवात करवतीने करा.

चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक टाका असं धरून नक्षी काढतात. पण विणलेला टाका चौकोनी नसतो, तो रुंद आणि बुटका असतो. वहीत 10 बाय 10 चौकटींचा चौरस काढला तर आपल्या मापाने तो 5 सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम 3.6 सेंटिमीटर उंच होतो. रांगोळीचं फूल दबून चपटं दिसतं ते यामुळे. उपाय सोपा आहे: साध्या कागदावर 7 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर उंच अशा चौकटी पट्टीने आखा. 20 टाके आणि 28 ओळी यांचं प्रमाण हेच आहे. त्या कागदावर जे दिसेल तेच सुईवर उतरेल. तुमच्या तुकड्याचं प्रमाण वेगळं असेल तर चौकटी त्याप्रमाणे आखा.

आता दात रचू. सहा टाक्यांचा एक दात घेतला. पहिल्या ओळीत 1 फिकट, 5 गडद. दुसऱ्या ओळीत 2 फिकट, 3 गडद, 1 फिकट. तिसऱ्यात 3 फिकट, 1 गडद, 2 फिकट. ओळभर हेच फिरवायचं आणि शेवटी एक फिकट टाका जास्तीचा घ्यायचा, म्हणजे दोन्ही टोकं सारखी दिसतात. पण हा दात 3 सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटरच उंच होईल, बोथट दिसेल. म्हणून प्रत्येक ओळ दोनदा विणा. सहा ओळी, दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त उंची, धारदार दात. नक्षी दोन्हीकडून सारखी असल्यामुळे आकृती कुठून वाचायची हा गोंधळही होत नाही. एरवी सुलट बाजूला आकृती उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूला डावीकडून उजवीकडे वाचतात.

मागून जाणारा धागा जास्तीत जास्त पाच टाके मोकळा राहतो, म्हणजे अडीच सेंटिमीटर. तिसऱ्या टाक्याला तो दुसऱ्या धाग्यात एकदा अडकवून घ्या, नाहीतर घालताना त्यात बांगडी किंवा अंगठी अडकते. स्वतःची नक्षी काढताना एका ओळीत दोनच रंग आणि एका रंगाचे पाचांहून जास्त टाके सलग नाहीत, एवढा नियम पाळा.

मग ही नक्षी आपल्या टाक्यांत बसवायची. पाठीचे 96. शिवणीचे 2 सोडले तर 94. सहाच्या पटीत अधिक एक म्हणजे 91 किंवा 97. मी 97 घेईन, म्हणजे एकूण 99. काठ संपल्यावर गडद रंगाच्याच एका सुलट ओळीत 3 टाके अंतरा-अंतराने वाढवा, दातांच्या सहा ओळी विणा आणि त्यानंतरच्या फिकट ओळीत 3 कमी करा. दोन रंगांची वीण नेहमी थोडी आवळते, त्यामुळे हे तीन टाके जास्त होत नाहीत, उलट कंबर चापून बसत नाही. पुढच्या भागाला 43 आणि 2 असे 45 लागतात, तिथं एक टाका कमी करून नंतर परत वाढवा. तिथं आवळू नये म्हणून दातांच्या ओळींपुरती 7 नंबरची सुई घेतली तरी चालेल. या आठ ओळी वरच्या 64 मध्येच धरा.

मुंढा आणि गळा

या भागाला लोक घाबरतात, पण ही नुसती वजाबाकी आहे. पाठीत खांदा ते खांदा 36 सेंटिमीटर. मुंढ्याला दोन्हीकडे 2 सेंटिमीटरची पट्टी येणार, म्हणून विणायचे 32: 64 टाके, पट्टी उचलायला 2, एकूण 66. 96 मधून 66 गेले, 30 कमी करायचे, एका बाजूला 15. त्यातले 6 एकदम बंद करा, म्हणजे काखेत सपाट जागा मिळते. उरलेले 9 एक ओळ सोडून एक असे कमी करा. त्यात 18 ओळी जातील, बाकी मुंढा सरळ.

कमी करताना कडेचे दोन टाके सोडून आत करा. ओळीच्या शेवटी दोन टाके एकत्र सुलट विणले की तिरपी रेघ उजवीकडे झुकते. सुरुवातीला एक टाका न विणता घ्या, पुढचा सुलट विणा आणि न विणलेला त्यावरून ओढा, ती डावीकडे झुकते. दोन्ही रेघा कडेला समांतर जातात आणि मुंढा शिंप्याने कापल्यासारखा दिसतो.

खांद्याला पाठीचे 66 असे वाटा: 20 खांदा, 26 गळा, 20 खांदा. पुढच्या भागाचे 46 मधून मुंढ्याचे 15 गेले, 31 उरले. खांद्याला 20 हवेत, म्हणजे गळ्यात 11 कमी करायचे. मुंढा सुरू होतो तिथूनच गळ्याच्या बाजूला दर चौथ्या ओळीला एक टाका कमी करत गेलात तर 44 ओळींत काम होतं आणि वरच्या 12 सरळ राहतात. इंग्रजी व्ही आकाराचा हा गळा पदर आणि शर्टाची कॉलर दोन्हींवर नीट बसतो.

पट्टीसाठी कडेचे टाके उचलताना दर चार ओळींना तीन टाके घ्या. प्रत्येक ओळीला एक घेतला तर पट्टीला झालर पडते. बटणांची जागा आधी खालची आणि वरची ठरवा, मग मधली समान वाटा.

जोडकाम कसं करतात हे पाहायचं असेल तर थंडीत बाजारात लागणारी स्वेटरची दुकानं बघा. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, आणि हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांच्या रांगा मोठ्या गावांतून दिसतात. एखादा स्वेटर आतून उलटून शिवण पाहिली तर बरंच समजतं.

नमुना लिहून काढणं

विणताना केलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी पेन्सिलीने वहीत टाका. नमुना पुढच्या वर्षीही विणता यायला हवा, आणि दुसरीलाही. वर लोकरीचा प्रकार, सुईचे नंबर, धुतलेल्या तुकड्याचं माप. मग आकृती. मग ओळीवार मजकूर, एका वाक्यात एकच काम. “सहज कमी करत जा” असं लिहू नका. “सुलट बाजूच्या प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना एक टाका कमी, असं 9 वेळा, 66 टाके” असं लिहा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी सुईवर किती टाके असायला हवेत तो आकडा द्या. विणणारीला सगळ्यात मोठा आधार त्या आकड्याचा असतो. धुतलेला तुकडाही वहीलाच टाचून ठेवा.

मग वही बचत गटातल्या एखाद्या विणणाऱ्या मैत्रिणीला द्या आणि ती विणत असताना तोंडाने काही सांगू नका. ती जिथं थांबून विचारेल, तिथं तुमचं लिहिणं अपुरं आहे.

दुसरं माप काढताना टाके सरसकट वाढवू नका, कारण छाती वाढली तरी खांदा त्या प्रमाणात वाढत नाही. 98 च्या छातीसाठी पाठीत दोन दात म्हणजे 12 टाके वाढवून 108 घ्या, पुढच्या प्रत्येक भागात एक दात वाढवून 52. खांदा मात्र 66 चा फक्त 70 होईल. मग मुंढ्यात एका बाजूला 19 कमी करायचे: 8 एकदम, 11 एकेक. मुंढा 60 ओळींचा. पाठीचे 21, 28, 21. पुढं 33 उरतात, त्यातले 12 गळ्यात जातात, दर चौथ्या ओळीला एक म्हणजे 48 ओळी. मधलं माप, 92 च्या छातीचं, हवं असेल तर पाठीत एक दात वाढवा आणि पुढच्या भागांत तीन-तीन टाके मुंढ्याखालच्या शिवणीजवळ नक्षीशिवाय गडद ठेवा. हात खाली असताना ते दिसत नाहीत.